क्वेरी चालली, पण उत्तर बदललं

समजा, ग्राहकाला जाणाऱ्या एसएमएसमध्ये त्याच्या खाते क्रमांकाचे फक्त शेवटचे चार आकडे दाखवायचे आहेत. ओरॅकल या डेटाबेसवर हे काम सबस्टर नावाच्या फंक्शनने चुटकीसरशी होतं. खाते क्रमांक द्यायचा, पुढे उणे चार लिहायचं, की शेवटचे चार आकडे हातात. आता हीच क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली ही आज्ञा, एक अक्षरही न बदलता, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर चालवा. एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही. क्वेरी बिनबोभाट चालते आणि एसएमएसमध्ये अख्खा खाते क्रमांक जातो.

कारण साधं आहे. उणे आकडा दिला की ओरॅकल शेवटाकडून मोजतं. पोस्टग्रेस तसं करत नाही. त्याच्या लेखी पहिलं अक्षर एक नंबरवर, त्याच्या आधी शून्य, त्याच्याही आधी उणे एक, अशी ती सरळ रेषा आहे. उणे चारपासून सुरू करून शेवटपर्यंत जा म्हटलं, तर वाटेत सगळीच अक्षरं येतात, म्हणून सगळीच मिळतात. पोस्टग्रेसमध्ये या कामासाठी राइट नावाचं वेगळं फंक्शन आहे. ते वापरायला हवं होतं, पण तसं सांगणारं कोणी नव्हतं, कारण काही मोडलेलंच नव्हतं.

एका डेटाबेसमधून दुसऱ्यात जायचं ठरलं की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न असतो, ‘किती क्वेऱ्या फुटतील?’ माझ्या मते हा प्रश्नच थोडा चुकीच्या बाजूने विचारलेला आहे. जी क्वेरी फुटते ती स्वतःहून ओरडून सांगते की मला दुरुस्त करा. खर्च तिचाही होतो, पण तो मोजता येतो. खरा खर्च न फुटणाऱ्या, पण वेगळं उत्तर देणाऱ्या क्वेरीचा असतो. ती सापडते तीन महिन्यांनी, ऑडिटरला. या लेखात मी ओरॅकलमधून पोस्टग्रेसमध्ये जाण्याचं उदाहरण धरलं आहे, कारण सध्या या वाटेवर गर्दी आहे. (अधिकृत नाव पोस्टग्रेएसक्यूएल, पण ते पूर्ण कोणी उच्चारत नाही.) मध्येमध्ये मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर हे आणखी दोन डेटाबेस डोकावतील.

गर्दीचं मुख्य कारण लायसन्सचा खर्च. अॅमेझॉनने २०१९ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या ग्राहक व्यवसायातला शेवटचा ओरॅकल डेटाबेस बंद झाला. जवळपास ७,५०० डेटाबेस आणि ७५ पेटाबाइट डेटा त्यांनी आपल्याच सेवांवर हलवला होता. भारत सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण आणलं. तेव्हा बँक असो की सरकारी खातं, ‘आपण पोस्टग्रेसवर जाऊया का’ हा विषय कधी ना कधी टेबलावर येतोच.

भाषा एक, मग अडतं कुठे?

एसक्यूएल, म्हणजे क्वेऱ्या लिहायची भाषा, ही एकच आहे, असं आपण कॉलेजात शिकतो. जन्म तरी एकाच घरातला. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याची, कल्पना मांडली आणि तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यासाठी भाषा सुचवली. पण तिचं प्रमाणीकरण व्हायला १९८६ उजाडलं. ओरॅकल मात्र १९७९ पासूनच बाजारात होतं. म्हणजे प्रमाण भाषेचा कागद तयार होण्याआधी सात वर्षं ग्राहक त्या भाषेत कामं करत होते. त्या काळात जे निर्णय झाले, ते नंतर बदलले असते तर ग्राहकांचे चालू प्रोग्रॅम कोलमडले असते. त्यामुळे ते तसेच राहिले.

पोस्टग्रेसची गोष्ट उलटी. बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं तेव्हा त्यात एसक्यूएल नव्हतंच, स्वतःची वेगळी भाषा होती. एसक्यूएल आलं १९९४-९५ मध्ये, अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांच्या हातून. तोवर एसक्यूएलचं १९९२ चं प्रमाण छापून झालं होतं. उशिरा आल्यामुळे जुनी ओझी कमी, म्हणून पोस्टग्रेस प्रमाणाला बऱ्यापैकी धरून आहे. बऱ्यापैकीच, पूर्ण नाही.

आणि प्रमाण म्हणजे तरी काय? त्यात कितीतरी गोष्टी ‘ज्याने त्याने ठरवावं’ म्हणून सोडून दिल्या आहेत. रिकाम्या किमती यादीत वर याव्यात की खाली, हेसुद्धा प्रमाण ठरवत नाही. चढत्या क्रमात लावल्या तर ओरॅकल आणि पोस्टग्रेस त्या शेवटी ठेवतात, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर सुरुवातीला. ‘पहिल्या दहा ओळी द्या’ ही रोजची गरज, पण तिच्यासाठी प्रमाण वाक्यरचना आली २००८ मध्ये. तोपर्यंत ओरॅकलने रोनम, एसक्यूएल सर्व्हरने टॉप आणि मायएसक्यूएल-पोस्टग्रेसने लिमिट असे आपापले संसार थाटले होते.

मेट्रिक पद्धत येण्याआधी आपल्याकडे धान्य पायलीने मोजलं जायचं, पण एका भागातली पायली दुसऱ्या भागातल्या पायलीएवढी भरेलच असं नव्हतं. डेटाबेसच्या फंक्शनचं तसंच आहे. नाव सारखं दिसलं म्हणून माप सारखं धरायचं नाही.

ओरडणाऱ्या चुका

यांच्यावर फार वेळ घालवत नाही. ओरॅकलमध्ये साधी बेरीज करायलाही ड्युअल नावाच्या एका ओळीच्या टेबलातून ‘निवडावं’ लागायचं, अलीकडच्या आवृत्तीत ती सक्ती गेली. पोस्टग्रेसमध्ये असं टेबलच नाही, त्यामुळे लगेच एरर. रिकाम्या जागी पर्यायी किंमत देणाऱ्या एनव्हीएलच्या जागी कोॲलेस लिहायचं, एका यादीतून दुसरी वजा करणाऱ्या मायनसच्या जागी एक्सेप्ट. जुन्या ओरॅकल क्वेऱ्यांत कंसातलं अधिक चिन्ह लावून केलेला आउटर जॉइन (दोन टेबलं जोडताना जोडी नसलेल्या ओळीही ठेवणारा) दिसतो, (+) असा. तो लेफ्ट जॉइनमध्ये उलगडून लिहावा लागतो. साहेब आणि त्याच्या हाताखालची माणसं अशी उतरंड काढणारं कनेक्ट बाय पोस्टग्रेसला कळत नाही, त्याच्या जागी विथ रिकर्सिव्ह येतं. हे शेवटचं काम वेळखाऊ असतं, पण एकदा हात बसला की जमतं.

मोबाइल नंबर टेबलात अक्षरं म्हणून साठवलेला आणि क्वेरीत मात्र आकडा म्हणून, अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला असेल, तर ओरॅकल गुपचूप एकाचं दुसऱ्यात रूपांतर करून तुलना करतं. पोस्टग्रेस सरळ नकार देतं. २००८ मध्ये आलेल्या ८.३ आवृत्तीपासून त्याने अशा कितीतरी सवलती बंद केल्या. सुरुवातीला लोक वैतागतात. मला विचाराल तर हा वैताग परवडला.

यातल्या एका उदाहरणापाशी मात्र थांबायला हवं, ते म्हणजे रोनम. ओरॅकलमध्ये ओळींना रोनमचा क्रमांक मिळतो तो क्रमवारी लावण्याच्या आधी. त्यामुळे एकाच क्वेरीत ‘रोनम दहापर्यंत’ आणि ‘पगारानुसार उतरता क्रम’ असं दोन्ही लिहिलं, तर ओरॅकल आधी हाताला लागतील त्या दहा ओळी घेतं आणि मग त्या दहांना क्रमाने लावतं. सर्वाधिक पगाराचे दहा जण मिळायचे तर आतल्या क्वेरीत क्रम लावून बाहेर रोनम लावावा लागतो. आता कोणी ही चुकीची क्वेरी भाषांतरित करताना रोनमच्या जागी लिमिट दहा टाकलं, तर पोस्टग्रेस आधी क्रम लावतं, मग दहा ओळी तोडतं. म्हणजे मायग्रेशनमुळे, डेटाबेस बदलल्यामुळे, रिपोर्ट बरोबर आला! आणि दुसऱ्या दिवशी वापरणाऱ्याचा फोन येतो, ‘नव्या सिस्टिममध्ये आकडे चुकताहेत, जुन्याशी जुळत नाहीत.’ जुनाच चूक होता हे पटवून देण्यात जो वेळ जातो, तो कुठल्याही एस्टिमेटमध्ये धरलेला नसतो.

रिकामी जागा आणि माहीत नसलेली जागा

आता गप्प राहणाऱ्या चुका. यांची राणी म्हणजे ओरॅकलची रिकामी स्ट्रिंग.

डेटाबेसमध्ये नल म्हणजे ‘माहिती नाही’. रिकामी स्ट्रिंग म्हणजे ‘माहिती आहे, पण ती शून्य अक्षरांची आहे’. प्रमाणानुसार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर सगळे त्या वेगळ्याच मानतात. ओरॅकल मात्र रिकामी स्ट्रिंग आली की तिला नल करून टाकतं. फरक एवढासा, पण त्याचे फाटे फुटतात ते बघा.

आपल्याकडे फॉर्मवर नाव तीन भागांत असतं. स्वतःचं, मधलं आणि आडनाव. पूर्ण नाव छापायला तिन्ही भाग || या चिन्हाने जोडले जातात. समजा सुनीता पाटील यांनी मधलं नाव भरलंच नाही. ओरॅकल जोडताना नलकडे दुर्लक्ष करतं आणि ‘सुनीता पाटील’ छापतं, मध्ये एक जादा स्पेस पडते इतकंच. पोस्टग्रेसचं गणित असं, की माहीत नसलेल्या गोष्टीला काहीही जोडलं तरी उत्तर माहीत नसलेलंच. त्यामुळे पूर्ण नावच नल. पावतीवर नावाची जागा कोरी. ज्यांनी तिन्ही भाग भरलेत त्यांचं सगळं व्यवस्थित, म्हणून टेस्टिंगमध्ये हे दिसतच नाही. टेस्टिंगचा डेटा बनवणारे सगळे रकाने इमानेइतबारे भरतात ना!

यावर उपाय म्हणून कॉन्कॅट फंक्शन सुचवलं जातं, आणि पोस्टग्रेसमध्ये ते खरोखर नल गाळून जोडतं. पण हाच धडा घेऊन मायएसक्यूएलवर गेलात तर फसाल. तिथलं कॉन्कॅट एक जरी भाग नल असला तरी नलच देतं. आणि || हे चिन्ह मायएसक्यूएलमध्ये, खास सेटिंग केलं नसेल तर, जोडण्याचं नाहीच. त्याचा अर्थ ‘किंवा’ असा तार्किक होतो आणि दोन नावं जोडायला गेलात की हातात शून्य येतं.

दुसरा फाटा याहून मजेशीर. ग्राहकांच्या टेबलात ईमेलचा रकाना आहे, एक ईमेल दोघांना चालणार नाही असं बंधन त्यावर आहे, पण ईमेल देणं ऐच्छिक आहे. ॲप्लिकेशन मात्र ईमेल न भरल्यास रिकामी स्ट्रिंग पाठवतं. ओरॅकलवर ती नल व्हायची, आणि नल कितीही असले तरी बंधनाला चालतं. पोस्टग्रेसवर गेल्यावर ईमेल नसलेला पहिला नवा ग्राहक सुखरूप नोंदला जातो. दुसरा आला की एरर येते, ‘ही किंमत आधीच आहे’. रिकामी स्ट्रिंग ही एक खरी किंमत झाली ना! काउंटरवरच्या माणसाला काही कळत नाही, कारण त्याने ईमेल टाकलेलाच नसतो.

आणि ज्या रकान्यावर असं बंधन नाही, तिथे तर ओरडही होत नाही. जुन्या ग्राहकांच्या जागी नल आणि नव्यांच्या जागी रिकामी स्ट्रिंग, अशी एकाच रकान्यात दोन प्रकारची रिकामी जागा साठत जाते. ‘ज्यांचा पत्ता नाही अशांची यादी’ काढणारा रिपोर्ट फक्त जुने दाखवत राहतो. उपाय एकच, आणि तो सुरुवातीलाच करायचा असतो. डेटाबेसच्या दारात, म्हणजे ॲप्लिकेशनच्या एका ठरावीक थरात, रिकाम्या स्ट्रिंगचा नल करून घ्यायचा. प्रत्येक क्वेरीत ठिगळं लावत बसलात तर एखादं राहतंच.

डिकोडचं भूतही याच घराण्यातलं. ओरॅकलचं डिकोड, म्हणजे किमतीनुसार वेगवेगळं उत्तर देणारं फंक्शन, तुलना करताना नल आणि नल समान धरतं. तेच भाषांतर केस-व्हेनच्या साध्या रूपात केलं तर ‘नल असेल तेव्हा’ ही फांदी कधीच लागत नाही, कारण प्रमाणानुसार नल कशाच्याच बरोबरीचा नसतो, दुसऱ्या नलच्याही नाही. तिथे ‘इज नल’ असं स्वतंत्र विचारावं लागतं. भाषांतर दिसायला अगदी हुबेहूब असतं. चालतंही. फक्त एक फांदी कायमची मुकी होते.

आकडे, तारखा आणि अक्षरं

पाचाला दोनाने भागलं तर किती? ओरॅकल म्हणतं अडीच, मायएसक्यूएलही अडीच. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर, दोन्ही आकडे पूर्णांक असतील तर, म्हणतात दोन. ओरॅकलमध्ये आकड्यांचा नंबर हा एकच मोठा प्रकार, त्यामुळे अपूर्णांक सांभाळला जातो. पोस्टग्रेसमध्ये जाताना वेग आणि जागा वाचावी म्हणून अवजार किंवा माणूस हे रकाने पूर्णांकात बदलतो, आणि तो निर्णय बरोबरच असतो. मग कर्जाच्या ६० हप्त्यांपैकी ४५ भरलेल्या माणसाची टक्केवारी काढणारी क्वेरी येते. ४५ भागिले ६०, गुणिले १००. ओरॅकलवर ७५. पोस्टग्रेसवर ४५ भागिले ६० म्हणजे शून्य, आणि शून्य गुणिले १०० म्हणजे शून्यच. ज्यांनी सगळे हप्ते भरले त्यांचे १००, बाकी झाडून सगळ्यांचे शून्य. हे निदान डोळ्यांना खुपतं. सरासरी काढताना दोन पूर्णांक भागले आणि १७.८ च्या जागी १७ आले, तर ते कोणाला खुपणार? भागाकाराचं चिन्ह असलेली प्रत्येक जागा शोधून एक आकडा न्यूमेरिकमध्ये बदलून घेणं, हे कंटाळवाणं काम आहे. ते करावंच लागतं.

तारखांची वेगळी कथा. ओरॅकलच्या डेट प्रकारात तारखेबरोबर सेकंदापर्यंत वेळही असते. पोस्टग्रेसच्या डेटमध्ये फक्त तारीख. नावावर भुलून डेटचं डेट केलं की व्यवहाराची वेळ उडाली. चांगली अवजारं त्याचं टाइमस्टॅम्प करतात, पण हाताने टेबलं बनवणारे चुकतात. आत्ताची वेळ देणाऱ्या ओरॅकलच्या सिसडेटच्या जागी बहुतेक जण पोस्टग्रेसचं नाऊ लिहितात. सिसडेट घड्याळाकडे बघतं, नाऊ मात्र ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्की होणारी कामांची साखळी) सुरू झालं त्या क्षणी गोठतं. रात्रीची बॅच एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोन तास चालली, तर लॉगमधल्या सगळ्या नोंदींवर एकच वेळ दिसेल. कुठली पायरी रेंगाळली ते शोधणाऱ्याने कपाळावर हात मारायचा. खरं चालतं घड्याळ हवं असेल तर पोस्टग्रेसमध्ये क्लॉक टाइमस्टॅम्प नावाचं फंक्शन आहे.

त्यातच डेटाबेस क्लाउडवर गेला असेल तर सर्व्हरची वेळ बहुधा यूटीसी, ही जागतिक प्रमाणवेळ असते, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. १ एप्रिलला पहाटे दोन वाजता झालेला व्यवहार ३१ मार्चच्या तारखेला पडतो. आपल्याकडे या दोन तारखांच्या मध्ये आर्थिक वर्ष बदलतं. हा दोष एसक्यूएलच्या वाक्यरचनेचा नाही, हे खरं. पण तो मायग्रेशनच्याच पोटी जन्माला येतो आणि शिव्याही मायग्रेशनलाच बसतात.

मराठी डेटा असेल तर आणखी दोन गोष्टी. ओरॅकलमध्ये व्हारचार-टू या अक्षरांच्या रकान्याची लांबी, सेटिंग बदललं नसेल तर, बाइटमध्ये मोजली जाते. पोस्टग्रेस अक्षरांमध्ये मोजतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अशी दहा चिन्हं आहेत, म्हणजे तीस बाइट. वीस लांबीच्या रकान्यात पोस्टग्रेसमध्ये तो आरामात बसतो, ओरॅकलच्या बाइटवाल्या रकान्यात मावत नाही. त्यामुळे ओरॅकलकडून पोस्टग्रेसकडे जाताना त्रास नाही. उलट दिशेने, किंवा दोन्ही डेटाबेस काही काळ बरोबर चालवून डेटा मागे पाठवायचा असेल तेव्हा, मराठी पत्ते अडकतात. इंग्रजी पत्त्यांवर टेस्टिंग केलेलं असलं की हे हमखास निसटतं.

दुसरी गोष्ट क्रमवारीची. शब्द कोणत्या नियमाने लावायचे ते कोलेशन ठरवतं आणि दोन डेटाबेसची कोलेशनं सहसा जुळत नाहीत. नुसत्या युनिकोड क्रमांकाने, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकाने, लावलं तर ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच मागे येतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. इंग्रजीत मोठी अक्षरं आधी सगळी, मग लहान, की दोन्ही मिसळून, यावरही फरक पडतो. यादी वरखाली दिसली तर चालून जाईल, पण ‘या आडनावापासून त्या आडनावापर्यंत’ अशी काप घेणारी क्वेरी असेल तर माणसंच गळतात.

मायएसक्यूएलवरून येणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना इथेच. तिथे तुलना करताना लहान-मोठी अक्षरं सहसा एकच धरली जातात, पोस्टग्रेसमध्ये वेगळी. एकाच माणसाने एकदा मोठ्या अक्षराने सुरू होणारा ईमेल टाकला आणि एकदा लहान, तर पोस्टग्रेसमध्ये त्याची दोन खाती तयार होतात. शिवाय मायएसक्यूएलच्या जुन्या टेबलांत ‘शून्य साल, शून्य महिना, शून्य दिवस’ अशी तारीख सापडते. अशी तारीख पोस्टग्रेस घेतच नाही, ती आधीच नल करून आणावी लागते.

प्रोसीजर, जिथे पैसे जळतात

जुन्या ओरॅकल सिस्टिममध्ये व्यवसायाचे नियम क्वेऱ्यांपेक्षा स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्रॅममध्ये, जास्त असतात. पीएल/एसक्यूएल या त्यासाठीच्या भाषेतल्या हजारो ओळी, वीस वर्षांत वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या. पोस्टग्रेसची पीएल/पीजीएसक्यूएल दिसायला तिची सख्खी बहीण आहे, आणि तोच घोळ आहे.

व्याजदराच्या टेबलातून एक दर व्हेरिएबलमध्ये घ्यायचा आहे. त्या योजनेचा दरच टेबलात नाही. ओरॅकल तिथल्या तिथे ‘नो डेटा फाउंड’ असा अपवाद फेकतं, आणि प्रोसीजर लिहिणाऱ्याने खाली तो पकडून मूळ दर लावण्याची सोय केलेली असते. पोस्टग्रेसमध्ये तेच वाक्य काहीच फेकत नाही. व्हेरिएबल नल होतं आणि गाडी पुढे जाते. नल दराने व्याज नल, शिल्लक अधिक नल म्हणजे शिल्लकही नल. रकान्यावर ‘नल चालणार नाही’ असं बंधन असेल तर तिथे अडकेल, नसेल तर खात्याची शिल्लकच गायब. एकाऐवजी दोन दर सापडले तर ओरॅकल तक्रार करतं, पोस्टग्रेस मुकाट्याने पहिला उचलतं. दर व्हेरिएबलमध्ये घेणाऱ्या इंटू या शब्दाच्या पुढे स्ट्रिक्ट हा एक शब्द टाकला की पोस्टग्रेसही ओरॅकलसारखं वागतं. एकच शब्द, पण हाताने भाषांतर करताना तो राहून जातो.

ट्रान्झॅक्शनच्या मध्येच एरर आली तर काय, यावरही दोघांचं जमत नाही. ओरॅकल चुकलेलं तेवढं एक वाक्य मागे घेतं, आधीचं काम शाबूत. पोस्टग्रेस म्हणतं, आता हे सगळं ट्रान्झॅक्शनच बिघडलं, ते संपवल्याशिवाय मी पुढचं काही ऐकणार नाही. समजा हजार ओळी भरायच्या आहेत, दुबार असेल ती ओळ एररने नाकारली जाते आणि प्रोग्रॅम ती एरर गिळून पुढे जातो. ओरॅकलवर ही पद्धत वर्षानुवर्षं चालते. पोस्टग्रेसवर पहिली दुबार ओळ आली की नंतरच्या सगळ्या नाकारल्या जातात, आणि शेवटी कमिट, म्हणजे काम पक्कं करा, म्हटलं तरी प्रत्यक्षात रोलबॅक होतो, सगळं मागे घेतलं जातं. एरर गिळणारा प्रोग्रॅम इथेही गिळतोच, म्हणजे टेबल कोरं आणि कोणाला पत्ता नाही. यासाठी २०१६ मध्ये आलेल्या ९.५ आवृत्तीपासून ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ अशी सोय आहे. तीच वापरावी.

अवजारं आहेत. ओरा-टू-पीजी हे मुफ्त अवजार टेबलं आणि बराचसा कोड बदलून देतं, शिवाय किती काम पडेल याचा अंदाजही काढतं. ओराएफसीई हे एक्स्टेंशन पोस्टग्रेसमध्ये ओरॅकलची ओळखीची फंक्शनं आणून ठेवतं. पुण्यात ज्यांचं मोठं ऑफिस आहे त्या ईडीबी कंपनीचा पोस्टग्रेसवर बेतलेला डेटाबेस ओरॅकलची पॅकेजेस वगैरे जवळपास तशीच चालवतो, पण त्याला पुन्हा पैसे मोजावे लागतात. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांसाठी अॅमेझॉनने बॅबलफिश काढलं, ते पोस्टग्रेसला एसक्यूएल सर्व्हरची बोली समजावतं. ही सगळी अवजारं कामाची आहेत. पण त्यांना दिसतो तो फक्त डेटाबेसमध्ये राहणारा कोड. जावाच्या फाइलमध्ये तुकडे जोडून तयार होणारी क्वेरी, अकाउंट्स विभागातल्या कोणीतरी एक्सेलला जोडून ठेवलेली क्वेरी, महिन्यातून एकदा चालणारी शेल स्क्रिप्ट, यांतलं काहीही त्यांना दिसत नाही. म्हणून मायग्रेशनच्या आधी महिनाभर तरी, आणि जमल्यास मार्चअखेर धरून, जुन्या डेटाबेसवर प्रत्यक्ष कोणत्या क्वेऱ्या येतात ते नोंदवून ठेवायचं. कागदावरच्या यादीपेक्षा ही यादी नेहमीच लांब निघते.

मग टेस्टिंग. दोन्हीकडे ओळी मोजून ‘आकडा जुळला’ म्हणणं पुरेसं नाही, वरच्या उदाहरणांतली जवळपास एकही चूक त्यात सापडणार नाही. तोच डेटा दोन्ही डेटाबेसमध्ये ठेवून तीच क्वेरी दोन्हीकडे चालवायची आणि उत्तरं ओळीगणिक ताडायची. निदान प्रत्येक रकान्यातले नल किती, रिकाम्या स्ट्रिंग किती, आकड्यांची बेरीज किती, सगळ्यात जुनी आणि नवी तारीख कोणती, एवढं तरी. डेटा खरा घ्यावा, म्हणजे ओळख पटेल ते झाकून पण वेडेवाकडेपणा तसाच ठेवून. मधलं नाव नसलेली माणसं, मराठीतले लांबलचक पत्ते, दर नसलेली योजना, पहाटे दोनचा व्यवहार, हे सगळं त्यात हवं.

लाइव्ह जाण्याच्या रात्रीची दोन कामं वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. पहिलं सीक्वेन्सचं. ओळी आणताना त्यांचे जुने क्रमांक त्यांच्याबरोबर येतात, पण नवा क्रमांक देणारा सीक्वेन्स एकवरच बसून असतो. सकाळी पहिली नवी नोंद करायला गेलात की ‘क्रमांक आधीच आहे’. प्रत्येक टेबलाचा सर्वांत मोठा क्रमांक काढून सीक्वेन्स त्याच्या पुढे नेऊन ठेवायचा. दुसरं काम ॲनलाइझ. नव्याने भरलेल्या टेबलांत काय आहे याची आकडेवारी पोस्टग्रेसकडे अजून नसते, त्यामुळे ते क्वेरीचा रस्ता अंदाजपंचे निवडतं आणि काल दोन सेकंदात येणारा रिपोर्ट वीस मिनिटं फिरत बसतो. सकाळी नऊच्या आत ॲनलाइझ चालवून घ्या, नाहीतर दहा वाजता ‘पोस्टग्रेस स्लो आहे’ असा मेल सगळ्यांना गेलेला असेल.